गिरजाबाईंची काळी तीन

माझ्या वर्गात नाव घालायला येणाऱ्या माणसाला मी आधी तीन गोष्टी विचारते. बीपीची गोळी घेतली का, कवळी घट्ट बसते का आणि घरी सांगून आलात का. गाणं येतं का, हे विचारत नाही. येत असतं तर तो साठीनंतर माझ्याकडे कशाला आला असता? आणि आपल्याला येतं असं ज्याला वाटतं, त्याला तर मीच घाबरते.

बत्तीस वर्षं मुलींच्या शाळेत संगीत शिकवलं. निवृत्त झाल्यावर आठ महिन्यांत घरच्यांनी माझ्यापुढे हात जोडले. सुनेच्या पोळ्या लाटण्यातही मी लय शोधायला लागले होते म्हणे. मग वर्ध्यात आमच्या भागातल्या वाचनालयाच्या वरचा हॉल मागून घेतला आणि हा वर्ग सुरू केला. साठीच्या पुढच्यांचा, निव्वळ हौसेचा, आठवड्यातून तीन दिवस, सकाळी दहा ते साडेअकरा. परीक्षा नाही, सर्टिफिकेट नाही. त्याला आता नऊ वर्षं होत आली.

लोकांना वाटतं, रिटायर लोकांना गाणं शिकवायचं म्हणजे वेळ घालवायचा. त्यांनी एकदा माझ्या पेटीमागे बसून बघावं. साठीनंतर आवाज खाली उतरतो, श्वास अर्ध्या ओळीत संपतो, मांडी घालून बसता येत नाही. शाळेतल्या मुलीला सा लाव म्हटलं की ती सा लावते. सत्तरीचा माणूस आधी का म्हणून विचारतो. मग त्याला सगळं फोड करून सांगावं लागतं. पेटीवर पांढऱ्या आणि काळ्या पट्ट्या असतात. आपला सा ज्या पट्टीवर धरायचा तिच्या क्रमांकावरून आम्ही काळी एक, पांढरी दोन असं म्हणतो. प्रत्येकाच्या गळ्याची एक पट्टी असते आणि ती सापडेपर्यंत गाणं म्हणजे दुसऱ्याची चप्पल घालून चालणं. हे सगळं ऐकून घेऊन तो म्हणतो, बरं, मग चहा किती वाजता असतो?

रामगोपालजी आमच्या वर्गातले सगळ्यात जुने. मोठ्या बाजारात कापडाचं दुकान, आता मुलांनी हातात घेतलेलं. पहिल्या दिवशी मी त्यांना काळी दोन दिली आणि त्यांना धाप लागली. तर म्हणाले, "बाई, जरा कमी करा ना. पांढरी एकमध्ये देऊन टाका." मी म्हटलं, हा कापडाचा भाव नाही. तर म्हणाले, घरचं गिऱ्हाइक समजा. शेवटी काळी एकवर सौदा पटला. आणि चिडून का होईना, मला कबूल करावं लागलं की त्यांचा गळा खरोखरच काळी एकचा होता.

दुसरे वानखडे. एसटीचे ड्रायव्हर, तळेगावच्या गाडीवर अर्धं आयुष्य गेलेलं. त्यांचा आवाज चांगला, पण सूर वर न्या म्हणून मी हात वर केला की ते गप्प. महिनाभर असं चाललं. मी चिडले, समजावलं, पुन्हा चिडले. मग एकदा त्यांनीच लाजत सांगितलं, "बाई, कोनी हात वर केला का माहा पाय ब्रेकवर जाते." रस्त्यात हात करून उभ्या असलेल्या माणसाला टाकून गाडी पुढे नेली, असं त्यांनी नोकरीत कधी केलं नव्हतं. तेव्हापासून वानखड्यांना सूर चढवायचा असेल तर मी हात मांडीवर ठेवते आणि भुवया वर करते.

माणूस कामावरून घरी येतो, पण काम त्याच्या अंगातून जात नाही, हे मला या दोघांनी चांगलं शिकवलं होतं. तरीही गिरजाबाईंच्या वेळी मी ते साफ विसरले. आज त्याचंच सांगायचं आहे, आणि त्यात माझी शोभा फारशी नाही.

गिरजाबाई गाणं शिकायला आल्याच नव्हत्या. त्यांच्या धाकट्या सुनेनं, सुनंदानं, त्यांना स्कूटीच्या मागच्या सीटवर ओढणीनं स्वतःशी बांधून आणलं होतं. सावंगीच्या पलीकडे त्यांचं गाव. घरची भाजीची वाडी, ती धाकटा मुलगा दिलीप बघतो. सुनंदा सेवाग्रामला दवाखान्यात कामाला, त्यामुळे रोज वर्ध्यावरूनच जाणं. गिरजाबाईंना आदल्या हिवाळ्यात लकवा झाला होता. उजवा हात लुळा पडलेला, उजवा पाय ओढत चालायच्या. आणि बोलणं गेलेलं. ऐकू येत होतं, समजत होतं, माणसं ओळखत होत्या, पण तोंडातून एकच शब्द निघायचा, 'हो'.

"बाई, आई घरात बसून बसून सुकून राह्यल्या," सुनंदा म्हणाली. "गानं नाई आलं तरी चालते. चार मानसात बसू द्या त्यांले."

मी म्हणाले, हा गाण्याचा वर्ग आहे, पाळणाघर नाही. असं बोलले मी, दारात उभ्या असलेल्या बाईच्या समोर. मग त्यांच्याकडे नजर गेली. डाव्या हातानं दाराची चौकट धरून त्या उभ्या होत्या, डोक्यावरचा पदर नीट, कपाळावर मोठं कुंकवाचं बोट असावं तिथे गोंदलेला हिरवा ठिपका. माझ्याकडे बघत होत्या. मी पुढच्या रांगेतली खुर्ची ओढून दिली. साडेअकराला दिलीप बाजारातून येऊन त्यांना घेऊन जायचा, असं ठरलं.

पावसाळाभर त्या आल्या. मी सा म्हणायचे, त्या 'हो' म्हणायच्या. भजन सुरू झालं की ओठ हलायचे, शब्द यायचा नाही. समजलं का? हो. आवडलं का? हो. उद्या येणार ना? हो. इतकी गुणी विद्यार्थिनी मला बत्तीस वर्षांत मिळाली नव्हती. कोजागिरीच्या कार्यक्रमात आमचं समूहगान होतं. मी विचारलं, स्टेजवर उभ्या राहाल ना? हो म्हणाल्या. मी त्यांना चांगलं पुढे उभं केलं. गाणं सुरू झालं आणि त्या तोंड उघडं ठेवून उभ्या राहिल्या, डोळ्यांतून धार लागलेली. मी नंतर चार लोकांना कौतुकानं सांगितलं की भजनाचा केवढा परिणाम झाला बघा बाईंवर.

दिवाळीत त्यांचा थोरला मुलगा प्रकाश आला. पुण्याला इंजिनियर, तिथेच आठव्या मजल्यावर फ्लॅट. माणूस वाईट नाही, हे मी आधीच सांगून ठेवते. आईसाठी जीव तुटत होता म्हणूनच त्यानं ठरवलं की आता तिला पुण्याला न्यायचं, कायमचं. मोठे डॉक्टर, कामाला बाई, लिफ्ट, सगळं तिथे. चौघांसमोर त्यानं आईला विचारलं, येशील ना माझ्याकडे? आई म्हणाली, हो. संक्रांतीनंतर न्यायचं ठरलं.

सुनंदानं हे मला वाचनालयाच्या जिन्यात सांगितलं. सांगताना ती हातातला हेल्मेटचा पट्टा सारखा ओढत होती. मी म्हटलं, अगं मग चांगलंच आहे की, त्या हो म्हणाल्या ना? ती म्हणाली, म्हणाल्या. पण रोज सकाळी फाटकापाशी खुर्ची टाकून वाडीकडे तोंड करून बसतात, ते पाहून तिला वेगळंच वाटत होतं. मी म्हटलं, मग तू बोल. ती म्हणाली, कशी बोलू? आम्ही अडवलं तर भाऊजी म्हणतील, आईच्या नावाची वाडी हातची जाऊ नये म्हणून आईले ठेवून घेतलं. दिलीप तर या विषयावर तोंडच उघडत नव्हता.

मला घरगुती भानगडीत पडायची इच्छा नव्हती. मी जिना चढून वर आले.

त्याच आठवड्यात वर्गात एक प्रकार घडला. वानखडे तीनदा एकाच जागी चुकले, रामगोपालजी मोबाइलवर बोलायला लागले आणि माझा पारा चढला. मी पेटीवर हात आपटून म्हणाले, मी इथे मूर्ख म्हणून बसले आहे का? समोरून गिरजाबाई शांतपणे म्हणाल्या, "हो."

सगळा वर्ग हसला. मीही हसले असते, पण माझी नजर त्यांच्या चेहऱ्यावर होती. त्यांनी डाव्या हातानं तोंड दाबून धरलं होतं आणि मान हलवत होत्या, नाही, नाही, नाही म्हणून. डोळे भरून आलेले. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हा शब्द त्यांचा होकार नव्हताच. आत काहीही असलं तरी बाहेर तेवढंच येत होतं. चहा घेता? हो. स्टेजवर उभ्या राहता? हो. पुण्याला येता? हो. जून महिन्यापासून मी त्यांना प्रश्न विचारत होते आणि उत्तर मिळालं म्हणून खूश होत होते. मला माझीच लाज वाटली.

पण मग खरं उत्तर काढायचं कसं? लिहिता त्यांना कधीच येत नव्हतं. मान हलवायला सांगावं तर तीही कधी हो, कधी नाही, स्वतःच गोंधळून जायच्या आणि रडायला लागायच्या. मी दोन दिवस विचार केला आणि हात टेकले.

मग एका शुक्रवारी, मार्गशीर्षातल्या थंडीत, आमचा वर्ग चालू असताना खालून भाजीचा ठेला गेला. आजकाल ठेलेवाले ओरडत नाहीत. भोंगा लावतात, आणि त्यात एकदा रेकॉर्ड केलेलं तेच ते वाजत राहतं, आलू ले लो, गोबी ले लो. तो ठेला नेमका आमच्या खिडकीखाली थांबला. मी ओरडले, कुणीतरी खिडकी लावा रे. वानखडे उठले, पण त्यांच्या आधी गिरजाबाई उठल्या. पाय ओढत खिडकीशी गेल्या. मला वाटलं, लावताहेत. त्यांनी डावा हात वर केला, डोक्यावरची टोपली सावरावी तसा कानाच्या वर धरला, आणि हाक दिली.

"भाजीऽऽ घ्या वोऽऽ! मेथी, पालक, सांबारऽऽ! वांगे, वालाच्या शेंगा घ्या वोऽऽ!"

सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. शब्द न् शब्द स्वच्छ. लकव्यानं वाकडं झालेलं तोंड त्या हाकेपुरतं सरळ झालं होतं. खालच्या ठेलेवाल्यानं भोंगा बंद केला आणि मान वर करून बघत राहिला. समोरच्या घरातली एक बाई पिशवी घेऊन गॅलरीत आली. आमच्यापैकी कुणीही जागचं हललं नाही.

पहिले बोलले ते रामगोपालजी. खुर्चीत अर्धे उठून, अगदी हळू आवाजात. "अरे, ही तर आपली भाजीवाली. हिच्या आवाजावर मी चाळीस वर्षं दुकान उघडलं."

सहा महिने ते तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसत होते आणि त्यांनी तिला ओळखलं नव्हतं. ओळखणार कसे? चेहरा त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. ते खाली वाकून कुलूप उघडत असायचे आणि हाक गल्लीच्या टोकावरून यायची; मान वर करेपर्यंत दिसायची ती पाठमोरी टोपली आणि तिच्यामागे चालणारं एक पोर. मग त्यांनी आम्हाला जे सांगितलं ते ऐकून मी आणखीच थक्क झाले. ही बाई प्रत्येक गल्लीत वेगळी हाक द्यायची. व्यापाऱ्यांच्या गल्लीत कांदा-लसणाचं नाव घ्यायची नाही, कारण तिथली बरीच घरं ते खात नाहीत. डॉक्टरांच्या वस्तीत पालक आधी. कुणाकडे मयत झालेली असली तर त्या घरावरून नुसती चालत जायची. रामगोपालजी म्हणाले, बाजारातली बातमी आम्हाला हिच्या गप्प राहण्यावरून कळायची.

मी पेटीवर ती हाक शोधली. 'भाजी' पंचमावर, लांब ठेवलेला. 'घ्या' मध्यम-गंधार घासत खाली आणि 'वो' बरोबर षड्जावर टेकलेला. भाज्यांची नावं सगळी षड्जावर, भराभर, आणि शेवटचा स्वर पुन्हा ताणलेला. षड्ज काळी तीनचा. सोमवारी पुन्हा द्यायला लावली, काळी तीन. बुधवारी पुन्हा काळी तीन. तंबोरा नाही, पेटी नाही, कुणी सूर दिलेला नाही. मी आयुष्यभर सूर विकून पोट भरलं, पण सकाळी उठल्या उठल्या मलाही पेटीला विचारावं लागतं की बाई, माझा सा कुठे आहे. ही बाई डोक्यावर ओझं घेऊन, चालता चालता, तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात पोचेल असा सूर लावत होती, आणि मी तिला सहा महिने सा शिकवत होते. मी तिथेच उठून त्यांना नमस्कार केला. त्या 'हो' म्हणाल्या.

दवाखान्यात बोलणं शिकवणारी एक तरुण मुलगी असते, तिला सुनंदानं विचारलं. तिनं सांगितलं की असं होतं कधी कधी. बोलण्याची वाट बंद झाली तरी गाण्याची उघडी राहू शकते. त्या चालीतच हळूहळू दुसरे शब्द घालून बघा, पण घाई करू नका. मग मी भजनाची वही मिटली आणि वर्गाला सांगितलं, संक्रांतीपर्यंत आपण सगळे भाजी विकायची.

पद्धत अशी होती. मी गिरजाबाईंचा डावा हात हातात घेऊन त्यावर ठेका द्यायचा आणि दोघींनी हाक द्यायची. सगळ्या वर्गानं मागून म्हणायचं. चार वेळा भाजी आणि पाचव्या वेळी भाजीच्या जागी पाणी. "पाणीऽऽ द्या वोऽऽ." पहिले पाच वर्ग त्या पाचव्या वेळीही भाजीच म्हणाल्या. वाचनालयाचे ग्रंथपाल दोनदा वर आले. वाचक तक्रार करताहेत म्हणाले, आणि एकानं मेथीचा भाव विचारला आहे. मी त्यांना काय बोलले ते इथे लिहीत नाही. सहाव्या वर्गाला "पाणीऽऽ" आलं. वानखडे धावत जाऊन तांब्या घेऊन आले आणि आल्यावर स्वतःच रडायला लागले.

मग एकेक शब्द येत गेला. दिवा, पदर, दिलीप, सुनंदा, भाकर. सगळं त्याच चालीत, त्याच काळी तीनमध्ये. साधं बोलायला गेल्या की पुन्हा 'हो'. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सुनंदा त्यांना सोडायला वर आली, थर्मासमधला चहा कपात ओतला आणि सवयीनं विचारलं, आई, चहा घेता? मी म्हटलं, तसं नाही, चालीत विचार. ती लाजली, पण तिनं विचारलं. गिरजाबाईंनी हात कानाशी नेला आणि म्हणाल्या, "चाऽऽ नाई वोऽऽ."

वर्षभर सुनंदा सासूला दिवसातून तीनदा बिनसाखरेचा चहा पाजत होती. ती तिथेच खाली बसली. कप तिच्या हातातच होता. "बाई," ती म्हणाली, "मंग पुन्याचं हो कोनतं होतं?"

तिनं त्याच दिवशी प्रकाशला फोन केला. पण फोनवर हे सांगायचं कसं? तुमची आई भाजी विकण्याच्या चालीत बोलते, आणि बोलत नाही तेव्हा खोटं हो म्हणते? प्रकाश म्हणाला, सुनंदा, आईनं माझ्यासमोर हो म्हटलं आहे, तिकिटं काढली आहेत, तू मनाला लावून घेऊ नकोस. मी म्हटलं, मग तूच चालीत विचारून घे ना गिरजाबाईंना. ती म्हणाली, मी विचारलं आणि त्या नाही म्हणाल्या तर कोण खरं मानणार? म्हणतील सुनेनं पढवलं. विचारायचं ते भाऊजींसमोरच विचारायचं. तिचं बरोबर होतं. पण मला रात्रंदिवस एकच भीती, ऐन वेळी शब्द आलाच नाही तर? त्या चालीत त्यांनी 'भाजी' म्हटलं, किंवा नुसतंच 'हो' म्हटलं, तर त्या बाईला उचलून आठव्या मजल्यावर नेऊन ठेवतील आणि जन्मात पुन्हा कुणी विचारणार नाही.

संक्रांत झाली आणि दुसऱ्याच वर्गाला प्रकाश आला. इस्त्रीचा शर्ट, हातात वर्ध्याच्या गोरसपाक बिस्किटांचा मोठा डबा, सगळ्यांना वाटायला. तुम्ही आईला सहा-सात महिने सांभाळलंत म्हणाला, मला वाकून नमस्कार केला. संध्याकाळची गाडी होती. वर्गात सगळ्यांना ठाऊक होतं काय चाललं आहे, त्यामुळे डबा कुणी उघडला नाही. सुनंदा आणि दिलीप भिंतीला टेकून उभे.

मी म्हटलं, प्रकाशराव, दोन मिनिटं बसा. पेटीवर काळी तीन धरली. गिरजाबाईंचा डावा हात हातात घेतला, तो गार पडला होता. आयुष्यभर मुलींचे उच्चार सुधारत आलेली मी, त्या दिवशी मात्र त्यांच्याच बोलीत विचारलं. "पुन्यालेऽऽ जाता का वोऽऽ?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग मुलाकडे. तोंड उघडलं, मिटलं. मागे कुणाच्या तरी खुर्चीचा आवाज झाला. त्यांनी माझ्या हातातून आपला हात सोडवून घेतला, कानाच्या वर नेला, आणि गल्लीच्या टोकापर्यंत जाईल अशी हाक दिली.

"नाईऽऽ जात वोऽऽ! वाडीऽऽ! माही वाडीऽऽ!"

प्रकाशचा चेहरा पांढरा पडला. तो उठून आईच्या पुढ्यात गुडघ्यावर बसला आणि म्हणाला, आई, खरंच नाही यायचं? त्या म्हणाल्या, "हो." तो माझ्याकडे वळून बघायला लागला. मी म्हटलं, असं नाही विचारायचं, चालीत विचारा. तो म्हणाला, मला नाही येत. इतक्या खालच्या आवाजात म्हणाला की मला वाटलं, चिडला.

मागून रामगोपालजी म्हणाले, "येतं कसं नाही बेटा? तिच्या टोपलीमागे तू चालत यायचा ना."

तो खाली मान घालून बसला. मग आम्हाला नाही, जमिनीलाच सांगावं तसं त्यानं सांगितलं. तो इथे शहरातल्या शाळेत होता. पोरं त्याला बघून तिची हाक काढायची. पाचवीत असताना त्यानं एकदा घरी जाऊन आईला म्हटलं, आमच्या शाळेच्या गल्लीत ओरडत जाऊ नको. त्यानंतर तो शाळा सोडेपर्यंत त्या गल्लीत तिनं हाक दिली नाही. तिथून ती टोपली घेऊन मुकाट्यानं जायची, त्या गल्लीत तिची भाजी खपायची नाही, आणि तो वर्गाच्या खिडकीतून बघत असायचा. "मी कोन्या तोंडानं ती चाल म्हनू," तो म्हणाला. बोलता बोलता त्याची पुण्याची भाषा कधी गळून पडली, त्याचं त्यालाही कळलं नाही.

गाडीची तिकिटं त्यानं दुपारी रद्द केली, आणि आता तो महिन्यातून एकदा येतो. पण ते सगळं नंतरचं. त्या वेळी मला आयुष्यात पहिल्यांदा वर्गात काय करायचं ते सुचत नव्हतं.

गिरजाबाई त्याच्याकडे बघत होत्या. त्यांनी डावा हात त्याच्या डोक्यावर ठेवला, केसांतून फिरवला, आणि मग तोच हात कानाशी नेला. मी ठेका दिला नव्हता, पेटी बंद होती, कुणी काही विचारलं नव्हतं. लकवा झाल्यापासून त्या बाईनं आम्हा सगळ्यांच्या प्रश्नांना उत्तरं दिली होती. स्वतःहून कुणाला काही विचारलं नव्हतं.

"परकाशऽऽ," त्या म्हणाल्या, "जेवला काऽऽ?"

प्रकाशनं मान वर केली. चाळिशी उलटलेला माणूस, डोळे पुसायचंही भान नव्हतं. त्यानं एकदा आमच्याकडे पाहिलं, आणि मग उजवा हात कानाशी नेऊन, काळी तीनमध्ये, सूर तसूभरही न सोडता म्हणाला,

"नाईऽऽ जेवलो मायऽऽ."